बहात्तर किलोच्या आत

डॉक्टरांनी माझे रिपोर्ट दोनदा वाचले आणि म्हणाले, "रक्तगट जुळतो. तुमच्या किडन्या चांगल्या आहेत. पण वजन शहाऐंशी आहे. बहात्तरच्या आत आणा, मग पुढचं बोलू."

नागपूरच्या त्या दवाखान्यात माझ्या शेजारच्या खुर्चीवर माझी धाकटी बहीण बसली होती. किडनी तिला हवी होती आणि द्यायची मला होती.

"साखर, मैदा, लोणी, सगळं बंद," डॉक्टर म्हणाले. "काय करता तुम्ही?"

"घरी केक बनवते. साकोलीला."

डॉक्टरांना हसू आवरलं नाही. बहीणही तोंडाला पदर लावून हसली. मला मात्र रडू येत होतं.

केक मी आठ वर्षांपासून करत होते. पहिला कुकरमध्ये रेती टाकून केला होता, तोही मधोमध बसका झाला. मग ओव्हन घेतला, फिरतं स्टँड घेतलं, क्रीमची फुलं काढायला शिकले. साकोलीत तोवर केक म्हणजे बेकरीच्या काचेतला, वर लाल चेरी चिकटवलेला. माझ्याकडून लोक एसटीच्या आकाराचा केक नेऊ लागले कंडक्टरच्या निवृत्तीसाठी, चौदा एप्रिलच्या जयंतीला निळ्या क्रीमचा, लग्नाच्या वाढदिवसाला दोन मजली. दिवाळीत अनारसे, करंज्या, रव्याचे लाडू. या धंद्यात चाखावं लागतंच. शिवाय ओव्हनमध्ये केक फुगतो तेव्हा त्याला वर टेकाड येतं. क्रीम लावायच्या आधी ते सुरीने आडवं कापून काढतात. तो कापलेला तुकडा कायम माझा. चहासोबत, उभ्याउभ्या. माझं वजन बरंचसं त्या तुकड्यांनीच वाढवलं असावं.

बहीण माझ्याहून सहा वर्षांनी लहान. तिला आसगावला दिली होती, घरी धानाची शेती. मला ती बाई म्हणायची, आमच्याकडे थोरल्या बहिणीला बाईच म्हणतात. एका वर्षी धान रोवण्याच्या दिवसांत तिचे पाय सुजले. दिवसभर चिखलात उभं राहून सुजले असतील, असं तिला वाटलं, आम्हालाही वाटलं. ती तेव्हा गरोदर होती. सातव्या महिन्यात बीपी इतकं चढलं की बाळ गेलं, आणि ती वाचली तेव्हा कळलं की दोन्ही किडन्या जवळजवळ संपल्या आहेत. आईला शुगर होती, तिची चालणार नव्हती. तिच्या नवऱ्याचा, आमच्या जवाईचा, रक्तगट जुळेना. उरले मी.

कोणी विचारायच्या आत मी म्हणाले, "मी देईन." माझा नवरा उठला. गाडी काढून बाजारात गेला आणि अर्ध्या तासाने वजनकाटा घेऊन आला. त्याचा होकार असाच असतो.

बहीण माझ्याकडे राहायला आली. तिचं डायलिसिस भंडाऱ्याला आठवड्यातून दोनदा व्हायचं आणि साकोलीहून हायवेने जाणं सोपं पडायचं. माझ्या स्वयंपाकघरात आता दोन पथ्यं शिजू लागली. तिला पाणी मोजून. एक लहान पेला सकाळी, एक दुपारी, गोळ्या गिळायला घोट घोट. मीठ नावापुरतं, बटाटा दोनदा उकळून, केळी-चिकू बंद. मला भाकरी, मुगाचं वरण, काकडी; भात मात्र बंद. धानाच्या मुलखात भात सोडणं म्हणजे काय ते बाहेरच्याला कळायचं नाही. आमच्याकडे भाताशिवाय पोट भरलं असं कोणी म्हणतच नाही. आम्ही दोघी आपापली ताटं घेऊन समोरासमोर बसायचो आणि मधे टेबलावर कुणाच्या तरी पोराचा तीन थरांचा केक चमकत असायचा.

"ह्याले पाहून पाहूनच माझं पोट भरते," ती म्हणायची.

मला चाखता येत नव्हतं, म्हणून ते काम मी तिला दिलं. चमच्याच्या टोकावर एवढंसं क्रीम, तेवढं तिला चालत होतं. ती डोळे मिटून जिभेवर धरायची आणि निकाल द्यायची. "साखर जरा कमी." "आता बराबर." "हे तर मस्तच झालं बाई." मी तिच्या शब्दावर साखर वाढवायचे, कमी करायचे. तिला काहीतरी काम मिळालं म्हणून मलाही बरं वाटायचं.

एका शिक्षिकेच्या निरोपाचा केक होता. लोण्याच्या क्रीमचे पिवळे गुलाब काढले होते, सकाळपासून त्यातच होते. संध्याकाळी त्या शिक्षिकाबाईंचा फोन आला. संकोचून बोलत होत्या. "केक दिसायला इतका सुंदर झालाय, कापवत नव्हता. पण खारट लागतोय हो."

त्या खेपेला लोणी मिठाचं आलं होतं आणि मी सवयीने वरून चिमूटभर मीठ घातलं होतं. चूक माझीच. पण बहिणीने चाखलं होतं, आणि "एकदम बराबर" म्हणाली होती. मी तिच्याजवळ जाऊन बसले.

"तुले खारट नाई लागलं?"

ती नखांकडे पाहत राहिली. "मले चव येतच नाई बाई. किती महिने झाले. सगळं लोखंड चाटल्यासारखं लागते."

"मग सांगतलं काहून नाई?"

"तू विचारतेस ना," ती म्हणाली, "मले बरं वाटते."

शिक्षिकेला दुसऱ्या दिवशी मी नवीन केक नेऊन दिला. आणि क्रीम झालं की चमचा बहिणीपुढे धरणं थांबवलं नाही. ती डोळे मिटायची, मी थांबायचे, ती म्हणायची, "बराबर." साखर मी नंतर तराजूवर तोलून घ्यायचे.

वजन उतरत होतं. दिवाळीनंतर सुरू केलं होतं, उन्हाळा लागेपर्यंत सत्त्याहत्तरवर आले. तिथे काटा अडकला. पहाटे हायवेच्या कडेने चालायला जायचे, ट्रक अंगावर धूळ टाकून जायचे, घरी येऊन काट्यावर उभी राहायचे, सत्त्याहत्तर. एक वेळचं जेवण सोडलं तरी सत्त्याहत्तर. बहिणीचे डोळे खोल जात चालले होते. तिच्या हाताची नस दोनदा बिघडली, म्हणून डायलिसिससाठी गळ्याजवळ नळी बसवली होती. डायलिसिसहून आली की ती भिंतीकडे तोंड करून झोपायची.

पुढचं मी बरेच दिवस कोणाला सांगितलं नव्हतं.

मे महिन्यात एका दुपारी नवरा तिला भंडाऱ्याला घेऊन गेला होता. मी एकटी होते. चॉकलेटचा मोठा केक कापून सपाट केला आणि कापलेला तुकडा हातात राहिला. गरम होता. मी तो खाल्ला. मग दुसऱ्या थराचा खाल्ला. मग डब्यातलं घट्ट गोड दूध त्यावर ओतून उरलासुरला चुरा खाल्ला, ओट्यापाशी उभी राहून, पंख्याखाली घामाघूम होत. पोट दुखेपर्यंत. नंतर रडले, तोंड धुतलं आणि केकवर फुलं काढायला बसले.

एकदा झालं असतं तर चाललं असतं. पण ती भंडाऱ्याला गेली की मी तेच करू लागले. तीन आठवडे. काटा एकोणऐंशीवर गेला. घरात सांगितलं की काट्याचा सेल उतरला आहे.

एके दिवशी ती लवकर परतली. मी दाराशी गेले. तिने माझ्याकडे पाहिलं आणि पदराच्या टोकाने माझ्या हनुवटीवरचा चुरा पुसला.

"मी नाई खाल्लं," मी म्हणाले. तिने काही विचारलंही नव्हतं.

"खात जा," ती म्हणाली. "उपाशी राहून माणूस चिडचिडा होते. माझ्यापायी तू कायले मरून राहिली?"

त्या दिवसानंतर केकचा एक कणही मी तोंडात टाकला नाही. ती रागावून बोलली असती तर कदाचित मी पुन्हा खाल्लं असतं.

पोळ्याच्या दोन दिवस आधी सकाळी काट्यावर एकाहत्तर पूर्णांक आठ आले. मी उतरले आणि पुन्हा चढले. तेच. मी तिला हाक मारली. तिने मला तिसऱ्यांदा चढायला लावलं, वाकून आकडा पाहिला आणि तिथेच जमिनीवर बसून हसत सुटली. नवऱ्याने डॉक्टरांना फोन लावला. त्यांनी दहा दिवसांनंतर शेवटच्या तपासण्यांसाठी बोलावलं.

पोळ्याला ती आसगावला जाऊन आली. किती महिन्यांनी स्वतःच्या घरी. परत आल्यावर दुसऱ्याच दिवशी डायलिसिस चालू असताना तिला हुडहुडी भरली. नळीतून रक्तात जंतू गेले होते. भंडाऱ्याहून तिला नागपूरला हलवलं. मी तिच्यासोबत ॲम्ब्युलन्समध्ये होते. ती अर्धवट शुद्धीत होती, माझं मनगट चाचपत होती.

"बाई, आता खाऊ नको हं काही," ती म्हणाली. "वजन वाढू देऊ नको. थोडेच दिवस राहिले."

तिसऱ्या दिवशी सकाळी ती गेली.

तिच्या जलदानविधीच्या दिवशी आसगावच्या अंगणात मंडप घातला होता. भंतेजी वंदना म्हणून गेले आणि बायका मला भेटायला येऊ लागल्या. बऱ्याच जणींनी मला वर्षभरात पाहिलं नव्हतं. सिहोऱ्याची आमची एक मावशी गळ्यात पडून रडली, मग मला थोडं दूर धरून पाहत म्हणाली, "अवो, किती बारीक झाली तू! चांगली दिसून राहिली. काय केलं?" तिच्या मागे उभ्या असलेल्या दोघीही कान देऊन ऐकू लागल्या. त्यांच्या मनात वाईट काहीच नव्हतं.

"भात सोडला," मी म्हणाले.

नंतर मागच्या खोलीत जाऊन मी माझ्याच पोटावर, जिथून डॉक्टर कापणार होते तिथे, कमरेच्या डाव्या बाजूला हात दाबून उभी राहिले. दोन्ही किडन्या जागच्या जागी होत्या. तपासून, धुऊन-पुसून ठेवल्यासारख्या. कोणाच्या कामाच्या नव्हत्या.

धान कापून झाल्यावर मी एकटीच आसगावला गेले. जवाई अंगणात पोती शिवत बसला होता. थोरल्या मेहुणीचा मान आमच्याकडे सासूसारखा असतो. लग्नाला अकरा वर्षं झाली तरी तो माझ्यासमोर मान वर करून बोलला नव्हता. त्याने खाट टाकली, पाणी आणून दिलं आणि स्वतः उंबऱ्यावर बसला. मी प्रवासभर घोकलेलं सगळं एका दमात बोलून टाकलं. तीन आठवडे चोरून खाल्लं, वजन वाढलं, खोटं बोलले. ते तीन आठवडे वाया गेले नसते तर पोळ्याच्या आधीच ऑपरेशन झालं असतं, गळ्यातली नळी निघाली असती.

त्याने हातातली सुतळी खाली ठेवली.

"बाई, तुमाले एक सांगतो," तो म्हणाला. "मीही कोणाले सांगतलं नाई. पोळ्याले ती इथं होती ना, लई गरमी होती. म्हणे, एकदा पोटभर पाणी द्या, बस एकदा. मी लोटाभर देल्लो. तिनं घटाघटा पेलं. पुन्हा मागतलं, पुन्हा देल्लो. असी हसली ती..." त्याने तोंड पुसलं. "अन् तिसऱ्या दिवशी ताप."

"ताप नळीनं आला," मी म्हणाले. "पाण्यानं नाई. डॉक्टरनं मले स्वतः सांगतलं."

"मग तुमच्या तीन हप्त्यानंही नाई आला," तो म्हणाला.

आम्ही एकमेकांना हे दोनतीनदा सांगितलं. दोघांचंही खरं होतं. दोघांनाही दुसऱ्याचं तेवढं पटलं, स्वतःचं नाही.

तो मला बस थांब्यापर्यंत सोडायला आला, दोन पावलं मागे राहून. मी अजून केक करते का, असं त्याने विचारलं. "उद्याच एक आहे," मी म्हणाले, "एका पोरीचा पहिला वाढदिवस." तो म्हणाला, "करत राहा." मग बस दिसली तेव्हा घाईघाईने म्हणाला, "कधी फोन करत जा बाई. मी तुमाले करणं बरं दिसत नाई."

त्या पोरीचं नाव केकवर तीनदा वाकडं आलं. तीनदा खरवडून काढलं. चौथ्यांदा नीट आलं. तिचा बाप न्यायला आला तेव्हा खूश होऊन गेला. वजन आता पुन्हा वाढत चाललंय, किती ते मी पाहत नाही.

आसगावला मी दर रविवारी फोन करते. तो धानाचं सांगतो, गावात कोणाचं काय झालं ते सांगतो. मी या आठवड्यात कोणते केक झाले ते सांगते. तिचं नाव आम्ही दोघंही काढत नाही. बोलण्यासारखं संपलं तरी थोडा वेळ फोन तसाच कानाला धरून बसतो. मग तो विचारतो, "ठेवू का?"

"ठेवा," मी म्हणते.