कानात सांगितलेलं नाव

समजा, दोऱ्याच्या रिकाम्या रिळावर मेणानं चिकटवलेला एक शिपाई तुमच्या डाव्या हातात आहे. उंची करंगळीच्या दोन पेरांएवढी. तांबडा प्रायमर वाळलाय, अंगरखा पांढरा झालाय, पगडीला केशरी लागलाय, पाठीवर बांधलेल्या पाण्याच्या बंबाला तुम्ही तांब्याची चकाकी आणली आहे. फक्त डोळे राहिलेत. इथं ब्रश चालत नाही. सुईच्या टोकावर काळा रंग घ्यायचा, श्वास रोखायचा आणि टेकवायचं. ओढायचं नाही, नुसतं टेकवायचं. हात जरा हलला तर शिपाई तिरळा होतो आणि शत्रूऐवजी जन्मभर शेजाऱ्याकडे बघत राहतो.

पुणतांब्याच्या बन्सीचा हात हलत नाही. तो कोपरगावच्या एका छापखान्यात कंपोझिटर होता. शिशाची अक्षरं, म्हणजे खिळे, चिमट्यानं उचलून ओळीत बसवण्यात त्याची ऐन उमेद गेली. ब्याण्णव साली तिथं ऑफसेट मशीन आलं आणि खिळे भंगारात निघाले. झिजलेल्या खिळ्यांचं एक पोतं मालकानं बन्सीला नेऊ दिलं. तेव्हापासून तो पाट्या आणि गाड्यांचे नंबर रंगवतो. खिळ्यांच्या धातूत शिशाबरोबर अँटिमनी असतं. त्यामुळे थंड होताना तो फारसा आक्रसत नाही आणि अंगरख्याची चुणीसुद्धा साच्यातून जशीच्या तशी निघते. हे मला पुस्तकातून कळलं, बन्सीला दिवाळीत.

त्या दिवाळीत शेजारच्या पोरांच्या किल्ल्यासाठी तो ते खिळे वितळवून प्लास्टरच्या साच्यात मावळे ओतत होता. त्याचा शाळेपासूनचा मित्र गोरक्ष बाजूला बसून शेंगा खात होता. गोरक्ष बागायतदाराच्या घरचा, आयटीआय केलेला वेल्डर, बोलायला पुढे.

"मावळे काय, समदेच करत्यात," गोरक्ष म्हणाला. "ह्याच्या पाठीला बंब लाव. वाफेवर उडू दे."

"आन् उडून कुठं जाईल?"

"चांदावरनं फौज उतरलीय गोदावरीच्या वाळूत. पेशवाईचा काळ. ह्यो तिला आडवा जातोय."

बन्सी हसला नाही. त्याच्या आजोबांनी छप्पन साली बौद्ध धम्म घेतला होता आणि पेशवाईचं नाव काढलं की त्या घरात कुणाची छाती फुगत नसे.

"तुझं आठरावं शतक मला नको, गोरक्ष. त्यात आमची मानसं गावाबाहेर हायत."

गोरक्षच्या हातातली शेंग हातातच राहिली. मग तो म्हणाला, "मंग आपलं येगळं करू. बंब उडतो तर हे बी हुईल."

"आडनाव न्हाई ठेवायचं कुनाला. कुनी कुनाला इचारायचं बी न्हाई."

"न्हाई इचारायचं. नुसतं नाव."

अशी ती फौज उभी राहिली. एक मोडकं दार विटांवर ठेवून रणांगण केलं, बन्सीच्या आईच्या जुन्या निळ्या लुगड्याची गोदावरी केली. चाल किती, मेले किती, हे कवड्या टाकून ठरायचं. दोन्ही बाजूंचे शिपाई बन्सीच रंगवायचा, कारण गोरक्षच्या हातून मिशी गालावर जायची. नाव ठेवायचं काम गोरक्षचं. लढाईतून जिवंत परतलेल्या शिपायालाच नाव मिळायचं, आणि तेही रीतसर बारसं करून.

"मी ह्यांची आत्या," असं म्हणत गोरक्ष शिपाई उचलायचा, तळहाताचा आडोसा करून त्याच्या कानात 'कुर्र' करायचा, नाव सांगायचा आणि मग तेच मोठ्यानं पुकारायचा. पुकारलं की बन्सी शिपाई उलटा करून पायाखालच्या चकतीवर ते नाव सुईनं कोरायचा. चांदावरच्या करड्या शिपायांचीही बारशी व्हायची. स्टेशनाजवळ भाजी विकणाऱ्या लंकाबाईचं नाव तोफखान्याच्या म्होरकीला मिळालं, तेव्हापासून त्या जाता-येता विचारायच्या, "का रं बन्सी, माझी तोफ ऱ्हायली का फुटली?"

बन्सीची आई सुमनबाई चहा आणून ठेवायच्या आणि म्हणायच्या, "ह्यांची बारशी उरकताय. तुमची लग्नं कवा हुयाची?"

गोरक्षचं लग्न झालं नाही, मस्कतची नोकरी झाली. जायच्या दिवशीही तो रणांगणाच्या दारापाशी आला, बंबस्वारांची एक तुकडी नदीपार नेऊन वाळूत उभी केली आणि म्हणाला, "आता तुझा डाव. आलो की फुडचं बघू." तो एसटीत बसला.

बन्सीनं त्याच आठवड्यात आपली चाल केली. मग डाव गोरक्षचा होता.

तो तीन वर्षं गोरक्षचाच राहिला. बन्सी नवे शिपाई ओतत होता, रंगवत होता, डोळे टेकवत होता. चकत्या मात्र कोऱ्या. "तूच ठेव की नावं," सुमनबाई म्हणाल्या. त्यानं एकदा करून पाहिलं. शिपाई कानाशी धरला, पण कानात सांगायचं आणि ऐकायचंही आपणच, हे त्याला जमेना. त्यानं तो परत ठेवला.

अठ्ठ्याण्णवच्या उन्हाळ्यात आपल्या बहिणीच्या, पूजाच्या, लग्नाला गोरक्ष आला. अंगाला अत्तराचा वास, मनगटाला जाड घड्याळ. मांडवात दोघं कडकडून भेटले. "उद्या येतो," गोरक्ष रोज म्हणायचा. बन्सी रोज दार पुसायचा, शिपायांवरची धूळ ब्रशनं झाडायचा. गोरक्ष आला तो परत निघायच्या दिवशी. बाहेर जीप चालूच होती.

"आयला बन्स्या, आजून हाय व्हय हे?"

"हाय म्हंजे? डाव तुझा हाय."

"माझा?" गोरक्षनं निळ्या लुगड्याकडे पाहिलं. "कुठपातूर आल्तो आपन?"

"तू बंबस्वार नदीपार नेलेस. चांदवाले तवापासनं वाळूत उभे हायत."

"तिकडं मी बी वाळूतच हाय, लेका," गोरक्ष हसला. कोणाला हलवावं ते त्याला सुचेना, किंवा वेळ नव्हता.

"चाल ऱ्हाऊ दे," बन्सी म्हणाला. "ह्यांची बारशी ऱ्हायलीत. एकाचं तरी कर." त्यानं सगळ्यात चांगला शिपाई पुढे केला. तो टेहळ्या होता, कपाळाला हात लावून आभाळाकडे पाहणारा. आपले बंबस्वार परत येतात का, ते बघणं त्याचं काम.

गोरक्षनं तो उचलला, डोळ्यांजवळ नेला. "काय डोळं काढलेत रं," तो हळू म्हणाला. मग तळहाताचा आडोसा केला. 'कुर्र' झालं. त्यामागे ओठ हलले.

तेवढ्यात हॉर्न वाजला. जीपमधून त्याचे मच्छिंद्र मामा ओरडले, "गोरक्ष, चल रं! मुंबईचं इमान तुझ्या बंबावर न्हाई उडत, थांबायला!"

गोरक्षनं टेहळ्या दारावर ठेवला, बन्सीला मिठी मारली आणि धावला.

"आरं, मोठ्यानं सांग की!" बन्सी उंबऱ्यातून ओरडला. जीपमधून हात बाहेर आला, हलला आणि वळणावर दिसेनासा झाला.

मी गाडीचा नंबर रंगवून घ्यायला गेलो होतो, तेव्हा बन्सीनं तो टेहळ्या माझ्या हातात दिला. मी उलटा करून पाहिला. चकती कोरी होती. एसटीडी बूथ समोरच्या गाळ्यात आहे. गोरक्षचा नंबर बन्सीला पाठ आहे आणि तो सणासुदीला फोनही करतो. तब्येत, पाऊस, पूजाचं सासर, सगळं बोलतो.

"मंग इचारीत का न्हाई त्याला?" आतून सुमनबाई म्हणाल्या. हे त्यांनी पहिल्यांदा विचारलं नसावं.

"आन् तो म्हनला, कोनता शिपाई, तर?"

बन्सीनं टेहळ्या माझ्याकडून घेतला, वाळूच्या काठावर त्याच्या जागी उभा केला आणि तोंड आभाळाकडे येईल असा किंचित वळवला. मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "तुमी शिकलेले हायत, तुमीच सांगा. कुर्र तर मी ऐकलं. त्याच्या म्होरं त्यानं खरंच नाव सांगितलं असंल, का नुसतं व्हट हलवलं असतील?"