शेजारी बघणाऱ्या बाई

उजव्या हाताचा पंजा वर करून बाई म्हणायच्या, "थांबा. गाडी जाऊ द्या."

मग सगळं थांबायचं. हातात किटली असेल तर किटली, तोंडात घास असेल तर घास. नाशिकरोडच्या रुळांवरून मालगाडी खडखडत जायची. जमिनीची थरथर थांबली की बाई पंजा खाली घ्यायच्या आणि स्वतःशीच म्हणायच्या, "आता."

कामाच्या जागी असं एखादं माणूस तुम्हीही पाहिलं असेल, ज्याच्या एका हातावर अख्खी खोली चालते. आमच्या खोलीत त्या बाई होत्या.

ऐंशी साल उजाडायच्या आगेमागे नाशिकरोडला कागद आणि धाग्यांची तपासणी करणारी एक प्रयोगशाळा होती. मी तिथं डार्करूममध्ये. माझी शाळा चौथीत सुटली. एका फोटो स्टुडिओत प्लेटा धुवायला शिकलो, तेवढीच माझी विद्या. शास्त्र तेव्हा कळत नव्हतं, आज कळतं म्हणालो तर खोटं होईल.

बाईंचं यंत्र माणसाहून उंच, लोखंडी खांबासारखं. इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप. आम्ही नुसतं 'खांब' म्हणायचो. आतली हवा पंपानं ओढून काढायची, वरून झोत सोडायचा, खाली हिरव्या पडद्यावर चित्र उमटायचं. डोळ्याला जे कधीच दिसणार नाही ते तिथं दिसायचं. जमीन जरा थरथरली तरी ते हलायचं.

"भाऊ, दोर उलगडला की सुतळी," बाई म्हणायच्या. "सुतळीत धागा, धाग्यात तंतू, तंतूत आणखी तंतू. शेवटचा पदर कुठला?"

"मला काय माहीत?"

"मलाही माहीत नाही. तोच बघायचाय."

बस, एवढंच. तो शेवटचा पदर एकटा, सुटा, स्वच्छ फोटोत यावा. लग्न केलं नव्हतं, दागिन्यांची हौस नव्हती. मागणं असलं तर हेच.

माझी बायको दिंडोरीकडची. तिच्या माहेरी घायपाताचे दोर वळायचे. आमच्याकडे आल्यावरही पोळ्याआधी ती बैलांची दावी-कासरे वळायचीच. पानं पाण्यात कुजवायची, ठेचायची, धुवायची आणि आतले धागे, म्हणजे वाख, सोडवायची. तिचा तो पांढराशुभ्र वाख एकदा बाईंनी पाहिला आणि मूठभर मागितला.

"एवढ्या मोठ्या मशीनीला माझं कुजकं पान कशाला, बाई? लय वास हाय त्याला."

"वहिनी, कुजल्याशिवाय पदर सुटत नाही. आणि तुमच्यासारखं कुजवणं कोणाला जमत नाही."

"ऐकलं का हो?" बायको माझ्याकडे वळली. "तुम्ही जल्मभर नाकच धरलं."

तो वाख बाई औषधात उकळायच्या, कुटायच्या, पाण्यात पार विरवायच्या. त्या पाण्याचा एक थेंब मसुरीएवढ्या तांब्याच्या जाळीवर. वर जड क्षाराचं पाणी, म्हणजे मागचं काळं पडावं आणि तंतू उजळ दिसावा. दिसायचाही. पण झोत पडला की तो जळायला लागायचा. बाई बघत राहिल्या की त्यांच्या डोळ्यांदेखत पुसट होत जायचा. फोटो घेईपर्यंत हाती उरायचा नुसता डाग.

"बघितलं की मरतो हो तो," त्या म्हणायच्या. चिडून नाही. घरातलं कोणी गेल्यासारखं.

मग त्यांनी दुसरी रीत धरली. नजर साधायची ती शेजारच्या तुकड्यावर. तो जळाला तर जळू दे. सगळं नीट बसलं की झोत बंद करायचा, जाळी तसूभरही नाही एवढीच सरकवायची आणि झोत न लागलेल्या कोऱ्या जागेवर फोटोपुरताच झोत सोडून, न बघताच फोटो घ्यायचा. तिथं काय आहे ते प्लेट धुतल्यावरच कळणार.

मी म्हणालो, "बाई, हे म्हणजे पोरगी बघायला जायचं, पोहे शेजारच्या घरी खायचे आणि लग्नाला हो म्हणून यायचं."

त्या इतक्या हसल्या की खुर्ची हलली. "हसवू नका भाऊ, खांब हलतोय!"

न बघता घेतलेल्या फोटोत काय येणार? बहुतेक वेळा काहीच नाही. मी लाल दिव्याखाली प्लेट हलवत असायचो आणि बाहेरून दारावर टकटक व्हायची.

"आलं का?"

"नाही."

"बरं." आणि चपला परत खांबाकडे जायच्या.

असं किती काळ चाललं, मोजलं नाही. मधे बाई आजारी पडल्या. उपचाराला मुंबईला गेल्या, परतल्या त्या डोक्याला रुमाल बांधून. वाईट आजार होता. कोणी नाव घेत नव्हतं, पण सगळ्यांना कळलं होतं. त्या दुपारपर्यंत बसायच्या, मग भिंतीला टेकायच्या. पंजा वर केला तर तो थरथरायचा. आम्ही गाडी जाण्याची वाट बघायचो, त्या हात थांबण्याची.

एके दिवशी प्लेटा माझ्या हातात देऊन म्हणाल्या, "धुवा तुम्ही. मी घरी जाते."

त्या दिवशी दारावर टकटक झाली नाही. आणि त्याच दिवशी आलं. काळ्यावर एकच तंतू, सुटा, केसाच्याही केसासारखा, कडेला जरा वळलेला. माझ्या बायकोच्या वाखातला. मी लाल दिव्यात उभा राहून दाराकडे बघत होतो.

फोटो वाळवून घेऊन गेलो तर बाईंना दवाखान्यात हलवलेलं. बायकोही संगं आली. बाईंनी आम्हाला पाहिलं आणि तोंड भिंतीकडे केलं.

"माझ्याकडे बघू नका हो, भाऊ. शेजारी बघा."

मी शेजारी बघितलं. स्टुलावर पाण्याचा पेला होता, अर्धं सोललेलं मोसंबं होतं. बायकोनं फोटो त्यांच्यापुढं धरला.

"हाच का शेवटचा पदर?" बायकोनं विचारलं.

"दिसतोय तर," बाई म्हणाल्या. मग म्हणाल्या, "याच्याही आत असेल, वहिनी. पण एवढा तरी आला."

नंतर त्या फार दिवस राहिल्या नाहीत.

त्यांचा शेवटचा चेहरा मी पाहिला नाही. म्हणून आजही बाई आठवल्या की तो पंजा आठवतो, ते हसणं आठवतं. अगदी स्वच्छ.

बायको गेल्या साली गेली. तिच्या उशाशी मी बसून होतो, डोळे लावून, एकटक. माणूस जाताना शेजारी कसं बघायचं? आता डोळे मिटले की तेच तोंड पुढं येतं, सुकलेलं, उघडं. वाख धुणारी, मला टोमणे मारणारी माझी बायको काही केल्या दिसत नाही. तिचा फोटो घरात नाही. तिच्या पानातल्या तंतूचा आहे.

तो भिंतीवर लावलाय. शेजारच्या खुंटीला तिनं वळलेलं शेवटचं दावं आहे. घराजवळच्या रुळांवर मालगाडी येते, भांडी वाजतात, मी हातातलं काम थांबवतो. गाडी गेली की त्या दाव्याकडे बघत बसतो. तिला आठवायचा आग्रह धरत नाही. नुसता बसतो.

दाराबाहेरून "आलं का?" म्हणून विचारणारं आता कोणी नाही.