मूर्तिजापूरचा मुक्काम

पायी चालणाऱ्याला कळतं की माणसाच्या गरजा फार थोड्या असतात. हे वाक्य मी अमरावतीहून अकोल्याला चालत निघण्याआधीच वहीत लिहून ठेवलं होतं.

तिसऱ्या दिवशी पायांना फोड घेऊन मूर्तिजापूरला मावसबहिणीकडे विसाव्याला थांबलो. पुढच्या दोन दिवसांसाठी मला फक्त फुटाणे आणि गूळ भरून घ्यायचा होता. सकाळी निघताना पाहतो तर बहिणीनं माझ्या पिशवीत पाच किलो तुरीची डाळ, कणकेचे वाळवलेले सरगुंडे आणि लोणच्याची बरणी भरली होती. तिची मुलगी अकोल्यात जठारपेठेत राहते.

"ताई, मी पायी चाललोय."

"मंग? अकोल्यालेच जाऊन राहिला ना? मामा असून भाचीकडं रिकाम्या हातानं जाशीन काय?"

मी वही खिशात घातली. पिशवी पाठीवर घेतली आणि अंगणाच्या फाटकापर्यंत पोचलो. तिथून भाऊजींनी स्कूटरवर बसस्थानकात सोडलं.

बसमध्ये एकच जागा रिकामी होती. बरणी कलंडू नये म्हणून ती जागा पिशवीला दिली आणि अकोल्यापर्यंत मी उभा राहिलो.