सुमतीबाईंसाठी काढलेला खण

गंगाआत्ती गेल्याची बातमी मला बेळगावात एका ट्रकड्रायव्हरने दिली, तीही तिसऱ्या दिवशी. शाळेच्या फाटकाशी गाडी लावून तो म्हणाला, "मास्तर, तुमची आत्ती वारली. रामनगरास्नं परशाचा निरोप हाय. तुमच्याबिगर उरकलं, राग धरू नगा म्हनलाय." राग मी कुणावर धरणार? आई गेल्यावर वडिलांच्या या बहिणीनेच मला वाढवलं. परशा तिचा मुलगा, पण ताटात पहिली भाकरी माझ्या पडायची. लाकूडडेपोच्या मागे हमालांच्या झोपड्या होत्या. तिथे कुणाला सही येत नव्हती आणि तिथून मी बी.ए. झालो. हे मी अभिमानानेच सांगतो. पण त्याच आत्तीला मी एकदा चारचौघांत जे बोललो, तेही मलाच सांगायला हवं... दुसरं कोण सांगणार?

गोव्याची सरहद्द बंद होती, त्या काळातला एक उन्हाळा. रामनगर त्याच वाटेवर, त्यामुळे ट्रक थांबले होते आणि वस्तीतली माणसं हात बांधून बसली होती. मी बेळगावात मिशनच्या वसतिगृहात राहून कॉलेज करत होतो. आमच्या पाद्रीसाहेबांनी सुट्टीत गरिबांच्या सेवेसाठी एक तुकडी रामनगरला न्यायचं ठरवलं आणि वस्ती माझीच म्हणून मलाही घेतलं. सकाळी प्रार्थना आणि औषधपाणी, दुपारी बायकांना अक्षरओळख. नर्स होत्या सुमतीबाई, मिशनच्याच शाळेतल्या एका मास्तरांच्या पत्नी. मी इस्त्रीची पँट घालून स्वतःच्याच गल्लीतून जरा ताठ चालायचो. आत्ती दारातूनच म्हणायची, "आलं बगा आमचं सायेब. खाली बगून चाल रे, शिकल्यालं मानूसबी गटारीत पडतंय."

तिच्या पायावर त्या वर्षी ओंडका घसरला होता. जखम चिघळून वास यायचा, घरची माणसंसुद्धा जरा लांब बसायची. सुमतीबाई रोज पाटावर बसून तो पाय मांडीवर घेत आणि कोमट पाण्याने धूत. पहिल्या दिवशी आत्तीने पाय ओढून घेतला. "बाई, पायाला हात लावू नगा. तुमी सवाशीण, मला पाप लागंल." बाई म्हणाल्या, "लागू दे. पाप नंतर बघू, आधी पू काढू." आत्ती इतकी हसली, की शेजारणी बघायला आल्या. दीड महिन्यात जखम भरत आली. दोघी एकमेकींना काय काय सांगत बसायच्या, मला ते कधी कळलं नाही. मी विचारलंही नाही.

निघण्याच्या आदल्या संध्याकाळी साहेबांनी आम्हाला बसवून सांगितलं, की निरोप साधा हवा. हळदकुंकू, नारळ, पूजेअर्चेतलं काही घ्यायचं नाही. सकाळी बसपाशी सगळी वस्ती जमली. आत्ती लंगडत आली. हातात सूप, सुपात तांदूळ, नारळ आणि हिरवा इरकली खण. जिने आपल्या जखमेला हात लावला, ती सवाशीण रिकाम्या पदराने कशी जाईल, एवढंच तिला ठाऊक. बाईंनी पदर पुढे घेतला होता. खाली दोन्ही हातही धरले होते, हे मी पाहिलं. साहेबांनी नुसतं माझ्याकडे बघितलं. पुढच्या वर्षीची वसतिगृहातली जागा त्यांच्या हातात होती. मी म्हणालो, "आत्ती, ने ते परत. असलं अडाणीपण त्यांच्यात चालत नाही."

बाईंनी पदर सोडला. आत्तीने सूप छातीशी धरलं आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "बरं. बाई, परत येवा. पाय पुरता बरा झाल्याला दावायचा हाय." बस सुटली. मीही त्याच बसमध्ये होतो.

तुकडी पुन्हा रामनगरला आली नाही. पुढच्या सुट्टीत साहेबांनी दुसरं गाव धरलं. मी घरी गेलो की आत्तीचा एकच प्रश्न, "बाई कवा येनार?" मी म्हणायचो, येतील. काही वर्षांनी बाई मला इथे बेळगावच्या बाजारात भेटल्या. आपणहून म्हणाल्या, "मी घेणार होते हो. माझी आई ख्रिस्ती झाली तरी मला रिकाम्या पदराने कधी पाठवत नसे. साहेबांची समजूत मी काढली असती. तुम्ही मध्ये का बोललात?" हे मी आत्तीला कधीच सांगितलं नाही. बाईंचा धर्म आड आला असं तिला वाटत होतं, ते मला सोयीचं होतं. खरं सांगितलं असतं, तर दोष द्यायला एकटा मीच उरलो असतो.

बाराव्याला गेलो. परशाने ट्रंकेतून जुन्या धोतराच्या फडक्यात बांधलेला खण काढून माझ्यापुढे ठेवला. "तांदूळ-नारळ तवाच पान्यात सोडलं. ओटीला काढल्यालं घरात वापरायचं न्हाई म्हनायची. माझ्या लग्नात तिला धड चोळी नव्हती, तरी ह्याला कात्री लावू दिली न्हाई. बाई आल्या की दे म्हनली हुती. आता तूच पोचव, तुझ्या वळकीच्या हाईत."

घडीवर खण विटला आहे, आत मात्र हिरवागार आहे. बाई बेळगावातच राहतात, माझ्या घरापासून चालत दहा मिनिटांवर. बाराव्याला सहा आठवडे झाले. खण माझ्या कपाटात, पदवीच्या कागदाशेजारी आहे.