टाचणीमावशीने खोडलेले प्रश्न

ओठांत चार टाचण्या धरून बोलायची. माप कधी मोठ्याने सांगायची नाही, वहीत लिहायची. गेल्याच आठवड्यात घेतलेलं असलं तरी पुन्हा घ्यायची. गिऱ्हाईक रडायला लागलं की मशीन थांबवायची नाही, उलट जोरात चालवायची. बाहेर ऐकू जाऊ नये म्हणून.

गल्लीच्या कोपऱ्यावर तिचं कपडे अल्टर करायचं दुकान. सगळे तिला टाचणीमावशी म्हणत. तिला जाऊन आज नऊ दिवस झाले. भर दुपारी, मशीनवर बसल्या बसल्या हृदय बंद पडलं. मला अजून खरं वाटत नाही. आणि तिच्याबद्दलचा माझा मत्सरही अजून गेलेला नाही.

विद्यापीठाची एक तुकडी आमच्या वस्तीत आत्महत्या टाळण्यावर संशोधन करत होती. प्रश्नावली मी लिहिली होती. साहित्याची पदवी एकदाची कुठेतरी कामी आली होती. अभ्यासात वस्तीतली माणसंही हवीत म्हणून त्यांनी मावशीला बोलावलं. तिने पहिला प्रश्न वाचला, ‘अलीकडे आयुष्य निरर्थक वाटते का?’ आणि हसली.

“काय गं पुस्तकराणी, असं विचारल्यावर मीसुद्धा नाहीच म्हणेन.”

“मग कसं विचारायचं?”

“आधी बसायला स्टूल द्यायचं. मग उद्या उठून काय करणार, ते विचारायचं. मग मरावंसं वाटतं का, ते. सरळ. आडून आडून नाही.”

“तुला बरं सगळं कळतं!”

“पंधरा दिवसांत कंबर दोन इंच उतरली, की कळतंच.”

तुकडीच्या प्रमुख बाई मान डोलावत होत्या. माझा जळफळाट झाला. “मापाच्या वहीवरून संशोधन होत नसतं,” मी सगळ्यांसमोर म्हणाले. मावशीने प्रश्नावली घडी करून पिशवीत टाकली.

घरी ताईला मी हे मिरवून सांगितलं. ताई हसली नाही.

“त्या वहीत मीपण आहे,” ती म्हणाली. “पँट आवळायला गेले होते. महिन्यात दुसऱ्यांदा. तिने सरळ विचारलं, मी सांगितलं. दवाखान्यातही तीच आली सोबत.”

आम्ही दोघी एकाच खोलीत झोपतो.

“मला का नाही सांगितलंस?”

“तू विचारलंस कुठे?”

ताई सावरतेय, याचा आनंद व्हायला हवा होता. झालाही. पण आधी मनात आलं ते वेगळंच: बहीण माझी, आणि सांगितलं शिंपिणीला. तेव्हापासून दुकानासमोरून जाणं टाळलं. मावशीने रस्त्यात दोनदा हाक मारली. दोन्ही वेळा मी फोन कानाला लावला.

काल तिची मुलगी माझी प्रश्नावली देऊन गेली. पहिले सात प्रश्न खोडलेले, समोर मावशीच्या वाकड्या अक्षरात नवे. आठवा माझा सर्वांत लाडका, ‘घरच्यांशी मोकळेपणाने बोलता का?’ तोही खोडलाय. खाली लिहिलंय, ‘त्यापेक्षा घरच्यांनाच विचारा की’

वाक्य अर्धंच राहिलंय. पुढे कोरं आहे.