सुट्या गोळ्यांचा डबा

माझा धंदाच बसून करायचा. साडीला फॉल लावायचा, पिको करायचा. तळवड्यात वर्कशॉपांकडे जाणाऱ्या रस्त्याला माझा गाळा आहे आणि त्याला लागूनच मेडिकल. त्या मेडिकलात मंजुषा उभी असायची. उभी म्हणजे उभीच! सकाळी शटर वर गेल्यापासून रात्री खाली येईपर्यंत. दुपारचा डबासुद्धा उभ्यानं खायची, एक घास तोंडात आणि डोळे गिऱ्हाइकाकडे.

का, तर मालकाचा हुकूम. औषध देणारा माणूस बसलेला दिसला की लोकांना वाटतं दुकान चालत नाही, म्हणे. अहो, कोण मेलं असं म्हणतं? ताप आलेला माणूस काय खुर्ची बघायला येतो? एकदा मी माझं स्टूल उचलून तिला नेऊन दिलं. ती टेकते न टेकते तोच फोन वाजला. मालक घरी बसून मोबाइलवर दुकानातला कॅमेरा बघत होता. "मॅडम, तब्येत बरी नाही का?" इतकंच त्यानं विचारलं, तेही गोड आवाजात. मंजुषानं मुकाट्यानं स्टूल मला परत आणून दिलं. मी तिलाच चार शब्द ऐकवले. ती म्हणाली, "शालनमावशी, जाऊ द्या. दुसरीकडे तरी कोण गादी घालून ठेवलीय?"

मंजुषा उदगीरकडची. फार्मसी शिकलेली, लग्न होऊन इकडे आली. नवरा रविराज चाकणला कंपनीत, आज फर्स्ट शिफ्ट, उद्या नाइट. धाकटा भाऊ गणराज तिच्या मागोमाग आला, थेरगावात खोली घेऊन टेम्पो चालवायला लागला. बाप लहानपणीच गेलेला, त्यामुळे गणराजला शाळेत घालण्यापासून त्याचं लग्न लावण्यापर्यंत सगळं हिनंच केलं. तो तिला आक्का म्हणायचा आणि ती त्याला गणू. त्याचा फोन आला की एवढा दुखरा चेहरा पण खुलायचा तिचा.

दुखरा म्हणते ते उगाच नाही. तिची कंबर गेली होती. सलाइनचे खोके तिनंच उतरवायचे, सगळ्यात खालच्या खणातलं औषध वाकून तिनंच काढायचं. आधी नुसती लचक भरली. मग डाव्या पायात मुंग्या यायला लागल्या. गिऱ्हाईक नसलं की दोन्ही हात काउंटरवर टेकून अंगाचा भार त्याच्यावर टाकायची आणि कुणी आलं की झटकन सरळ व्हायची. वर आणि पाणी प्यायची नाही. दुकानाला बाथरूम नाही, समोरच्या वर्कशॉपात जायचं तर सगळे पुरुष. बाईमाणसानं काय करायचं हो? घसा कोरडा पडला तरी घोटभरावर भागवायची.

तशात ती उभी राहायची कशी, ते मला पुढं कळलं. मेडिकलात एक डबा असतो. गिऱ्हाईक पूर्ण स्ट्रिप घेत नाही, चारच गोळ्या द्या म्हणतं. मग कात्रीनं स्ट्रिप कापायची. उरलेल्या तुकड्यावर नाव असलं तर तारीख नसते, तारीख असली तर नाव नसतं. तो तुकडा दुसरं गिऱ्हाईक हातात घेत नाही आणि कंपनीही परत घेत नाही. असले तुकडे त्या डब्यात पडून राहतात. मंजुषा त्यातली अंगदुखीची गोळी नुसत्या रंगावरून ओळखायची आणि घ्यायची. रोज. कधी दोनदा. कुणाचं नुकसान नाही, कुणी विचारणारं नाही, आणि इतकी वर्षं घेतेय हे तिचं तिला तरी कुठं जाणवत होतं!

आणि लोकांना काय सांगायची माहितीये? इथं सगळे कंबर धरूनच येतात. कुणी पत्रे वाकवतो, कुणी दिवसभर मशीनवर. "मॅडम, ती लाल गोळी द्या, पाच-सहा पाकिटं." ही त्यांना झाडायची. "भाऊ, रोज खायची गोळी नाहीये ती. डॉक्टरला दाखवा आधी." लोक चिडायचे, तरी देत नसे.

मी एकदा तिला डब्यातला तुकडा सोलताना पकडलं. म्हटलं, "अगं, आणि तू?" हसली. म्हणाली, "मावशी, मी त्याच्या आधी ॲसिडिटीची घेते ना. त्या गोळीनं पोट जळतं, ते मी सांभाळते. मला काही होत नाही." मला काय कळतंय त्यातलं? शिकलेली पोर, दिवसरात्र औषधातच, म्हणते तर खरंच असेल म्हणून मी सुई हातात घेतली.

मग गणराजचं निघालं. पाय सुजले, जेवण जाईना, दम लागायला लागला. बीपी कधीपासून होतं कुणास ठाऊक, दोन्ही किडन्या निकामी. टेम्पो बंद, एक दिवसाआड डायलिसिस. चार महिन्यांत तो पोरगा निम्मा झाला. डॉक्टर म्हणाले, घरातल्या कुणी किडनी दिली तर पुन्हा उभा राहील. आई थकलेली. त्याची बायको करिष्मा द्यायला तयार, पण तिला शुगर. राहिली मंजुषा. रक्तगट जुळला, पुढच्याही तपासण्या जुळल्या. त्या दिवशी ती पेढे घेऊन माझ्याकडे आली. "मावशी, माझीच लागणार त्याला!" असं म्हणाली, जसं काही लॉटरी लागलीय. रविराजनं आधी तोंड फुगवलं, मग तोही कबूल झाला.

पण तपासण्यांना सुट्टी लागते. मालक कुरकुरायला लागला. त्याला खूश ठेवायला ही रविवारीही यायला लागली, एकटीनं माल उतरवायला लागली. मग कंबर आणखी ओरडायची आणि हात आणखी डब्यात जायचा. एका रिपोर्टात थोडं वरखाली निघालं. हिनंच सांगितलं, पाणी कमी पिते मी, म्हणून असेल. डॉक्टरांनी भरपूर पाणी पिऊन पुन्हा या म्हटलं आणि आणखी एक मोठी तपासणी लावली.

तिचा निकाल घ्यायला मी गेले सोबत, रविराजला रजा नव्हती. गणराजचं त्याच दिवशी डायलिसिस होतं, म्हणून तो आणि करिष्मा बाहेर बाकावर बसले. आत डॉक्टरीणबाईंनी कागद पाहिले, पुन्हा पाहिले. मग विचारलं, "कसल्या गोळ्या घेता तुम्ही?"

"कंबरेसाठी. कधीतरी," मंजुषा म्हणाली.

"कधीतरी घेऊन असं होत नाही."

पुढचं मंजुषाला सांगायची गरजच नव्हती, ते तिच्या शिक्षणातलंच होतं. बाई तरी बोलल्या, आवाज चढवला नाही त्यांनी. "ॲसिडिटीची सोबत घेत होतात? म्हणून पोटानं तक्रार केली नाही आणि तुम्ही घेत राहिलात, किडन्या मात्र झिजत गेल्या. गोळ्या आजपासून बंद करा. आहे ते टिकेल, तुमचं तुम्हाला पुरेल. पण त्यातली एक किडनी काढून कुणाला देता येणार नाही."

मी भांडले. हो, डॉक्टरशी भांडले. म्हटलं, पुन्हा तपासा, मशीन चुकत असेल, तीन महिने गोळी बंद करते ती, मग बघा. त्या नुसत्या मान हलवत राहिल्या. मंजुषानंच माझा दंड धरून मला बाहेर आणलं.

बाकावरून करिष्मा उठली. तारीख मिळाली असणार, याच आशेनं बघत होती बिचारी. मंजुषानं आडपडदा ठेवला नाही. "माझी नाही चालणार. माझ्याही खराब झाल्यात. कंबरेसाठी गोळ्या खात होते मी, रोज."

करिष्मा म्हणाली, "ताई, तुम्ही तर औषधवाल्या ना?"

रागानं नाही म्हणाली. खरोखर कळत नव्हतं तिला. मला वाटलं, धरणी दुभंगावी आणि आम्हाला पोटात घ्यावं. तेवढ्यात आतून नर्सनं गणराजचं नाव पुकारलं. मशीन रिकामं झालं होतं, त्याचा नंबर लागला होता. तो भिंतीला धरून उठला. मंजुषा त्याच्या पाया पडायला वाकली, अहो, धाकट्या भावाच्या! आणि वाकताच कंबरेत अशी कळ गेली की तिथंच अडकली, ना खाली जाता येईना, ना वर.

त्यानं काठ्या झालेल्या हातांनी तिला धरून सरळ केलं. हातावर सुया टोचून टोचून गाठी आलेल्या त्याच्या. नर्स पुन्हा ओरडली. जाता जाता त्यानं तिचे डोळे पुसले आणि म्हणाला, "आक्का, एवढं दुखत होतं, तर मला एकदा तरी सांगायचंस."