कोपरातला कापूस

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. लेकीला नाही, डॉक्टरांना नाही. तुम्ही अनोळखी आहात म्हणून सांगतोय — ओळखीच्या माणसाला उद्या परत तोंड दाखवावं लागतं.

आम्ही दोघांनी नेहमीसारखं केलेलं शेवटचं काम म्हणजे मटार सोलणं. मांजरी गावातल्या आमच्या खोलीत, टीव्हीसमोर, मध्ये परात. रतन — माझी बायको — सोलायची आणि मी दाणे खायचो. "अहो, परातीत टाका, पोटात नको," म्हणाली. मग हळूच, "उद्या परत सुई का हो?"

होती सुई. तिच्या आतड्याचा कॅन्सर कापून काढल्यापासून दर तीन महिन्यांनी रक्तातलं एक प्रोटीन मोजायचे. आकडा पाचाच्या आत असला तर ठीक. चढला तर रोग परत कुठंतरी डोकं काढतोय. माझ्यासारख्या चौथी शिकलेल्यालाही ते कळत होतं. पण केमोनं तिच्या शिरा पार गेलेल्या. चार-चार ठिकाणी टोचायचे, ती माझा हात पिरगाळून रडायची, आणि घरी येईपर्यंत मला शिव्या. दोन वर्षं हेच.

त्या खेपेचा रिपोर्ट छान आला. दाखवायला मी एकटाच गेलो. डॉक्टर हसले — "लॅबवाल्यांनी मावशींना पुरुष करून टाकलं की!" मीही हसलो. काय करणार होतो?

पुढच्या खेपेला आकडा कितीतरी पट. लिव्हरभर गाठी. "तीन महिन्यांपूर्वी तर रक्त चांगलं होतं," डॉक्टर म्हणत राहिले. तेव्हाच कळलं असतं तर कदाचित तेवढा भाग कापता आला असता. कदाचित. रतननं वळून माझ्याकडे पाहिलं. त्या दिवसापासून तिनं मला शिव्या देणं सोडलं. श्रावणात गेली.

लोक म्हणतात, फार केलंस बायकोचं. केलं? तिची दया आली म्हणून तसं वागलो, असं सांगणं सोपं आहे. दया नव्हती. कंटाळा होता — लॅबच्या त्या बाकड्याचा, तिच्या रडण्याचा, तिचाच म्हणा ना.

मटार सोलले त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ती अंघोळीला गेली, तेव्हा मी डॉक्टरांची चिठ्ठी खिशात घातली आणि लॅबमध्ये गेलो. तिथल्या पोरीनं हाक मारली, "रतन कोण?" बाईचं तसं बाप्याचंही नाव. "मी," म्हणालो आणि बाही वर केली. एका टोचण्यात झालं. घरी येऊन सांगितलं, डॉक्टरांचा फोन आला होता, या वेळी रक्त नको म्हणाले. तिचा चेहरा — जाऊ द्या. तिनं मटार घालून पोहे केले. कापूस बाहीच्या आत तसाच होता. मी पोहे खाल्ले, आणि वर आणखी मागून घेतले.